भांडारेकारांची आठवण : लीळाचरित्र आणि माणसाची स्मृती

१/
तेराव्या शतकात वैनगंगेच्या परिसरातील भंडारा या गावी नीळभट नावाचे एक गृहस्थ राहत होते. त्यांचा शिलालेख नाही, ताम्रपट नाही, त्यांनी स्वतः लिहिलेली एक ओळही उपलब्ध नाही. तरीही साडेसातशे वर्षांनंतर त्यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याचे कारण एवढेच, की कोणीतरी त्यांची आठवण ठेवली. ही आठवण किती जणांच्या मनांतून प्रवास करीत आपल्यापर्यंत पोहोचली आणि वाटेत तिचे काय झाले असेल, याचा शोध या लेखमालेत घेतला आहे.

२/
भंडारा हे गाव जुने आहे. रतनपूर येथील कलचुरी राजवटीच्या एका शिलालेखात ‘भाणार’ असे नाव येते आणि ते भंडाऱ्याचे असावे, असे अभ्यासकांनी मानले आहे. पुढे येथील पितळी भांड्यांचा व्यवसाय नावारूपाला आला आणि ‘भाणे’ म्हणजे भांडे, त्यावरून भंडारा, अशी व्युत्पत्ती लोकांच्या तोंडी रुळली. न कळणाऱ्या जुन्या गोष्टीला ओळखीच्या वस्तूशी जोडून अर्थ लावणे, हा मानवी स्मृतीचा स्वभावच आहे. तो पुढे पुन्हा भेटेल.

३/
महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी एकाकी भ्रमण करीत असताना भंडाऱ्यास आले. तेथे नीळभटांची व त्यांची भेट झाली आणि नीळभट घरदार मागे ठेवून स्वामींबरोबर निघाले. ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात ते ‘भांडारेकार’ म्हणून ओळखले जातात. स्वामींच्या अगदी सुरुवातीच्या अनुयायांत त्यांची गणना होते. मागे सोडलेल्या गावाचे नावच त्या माणसाची कायमची ओळख होऊन बसले.

४/
येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. ही भेट पाहिली कोणी? लीळाचरित्राचे तीन भाग आहेत : एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. पूर्वार्ध व उत्तरार्धातील प्रसंगांच्या वेळी स्वामींभोवती भक्तमंडळी होती. एकांक हा त्यांच्या एकट्याच्या भ्रमंतीचा काळ. भंडाऱ्याचा प्रसंग या एकांकातला आहे. पुढे ज्यांनी तो सांगितला, त्यांपैकी कोणीही त्या दिवशी भंडाऱ्यात नव्हते.

५/
एकांकातील प्रसंग स्वामींनी पुढील काळात प्रसंगाप्रसंगाने आपल्या भक्तांना सांगितले. ते भक्तांनी लक्षात ठेवले. भक्तांच्या तोंडून ते म्हाइंभटांनी लिहून घेतले. लिहिलेली मूळ पोथी पुढे हरवली आणि ती पुन्हा आठवणीतूनच सिद्ध करावी लागली. भांडारेकारांची आठवण अशी निदान तीन-चार मनांतून गाळून आली आहे. परंपरेनुसार नीळभटांचा देह स्वामींच्या सहवासातच पडला. म्हणजे साक्ष द्यायला तेही उरले नव्हते.

६/
अशा आठवणीवर विश्वास कितपत ठेवावा? उत्तर देण्यापूर्वी स्मृती म्हणजे काय, हे पाहायला हवे. मराठीत आपण ‘स्मृतीचे भांडार’ असे सहज म्हणतो. या शब्दामागे एक चित्र आहे : अनुभव कोठारात ठेवले जातात, हवे तेव्हा जसेच्या तसे बाहेर काढता येतात, काही मात्र उंदीर खातात. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतील मानसशास्त्राने हे चित्र पुष्कळसे मोडीत काढले आहे.

७/
भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा विचार फार आधी केला होता. न्यायदर्शनानुसार अनुभव संपतो, पण मागे ‘संस्कार’ ठेवून जातो. तो संस्कार जागा झाला की जे ज्ञान उपजते, ते स्मरण. योगदर्शनानेही चित्ताच्या पाच वृत्तींत स्मृतीला स्थान दिले आहे. अनुभवाने मनावर उमटलेल्या अशा ठशांना ‘वासना’ असाही शब्द आहे. हा शब्द ध्यानात ठेवावा. महानुभावांनी त्याला पुढे एक वेगळेच काम दिले.

८/
स्मृतीचे मोजमाप प्रथम केले ते जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी. १८८५ मध्ये त्यांचा स्मृतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रयोगाचा विषय ते स्वतःच होते. अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या ते पाठ करीत आणि ठरावीक काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती श्रम कमी पडतात, हे मोजीत. तासाभरातच निम्म्याहून अधिक लाभ नाहीसा होई, दिवसाअखेर सुमारे दोन-तृतीयांश. पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावे. महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक असे.

९/
विसरणे सुरुवातीला वेगाने होते आणि नंतर सावकाश, हा एबिंगहाउस यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे. म्हणून घटनेनंतरच्या सुरुवातीच्या काळात माणसे काय करतात, याला फार महत्त्व येते. ती गप्प राहिली तर बरेच काही निसटते. ती पुन्हा पुन्हा आठवत राहिली तर चित्र बदलते. चक्रधरस्वामींच्या अनुयायांनी नेमके काय केले, हे आता पाहू.

१०/
१२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले, असे महानुभाव मानतात. मागे राहिलेल्या मंडळींचा आधारच गेला. नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांच्यासह ती सध्याच्या अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. या काळाच्या आठवणींचा जो ग्रंथ पुढे तयार झाला, त्याचे नावच ‘स्मृतिस्थळ’. आपला देव डोळ्यांसमोर नाही आणि त्याला जवळ ठेवण्याचा उपाय स्मरण हाच, अशी त्या समाजाची स्थिती होती.

११/
स्मरण हा त्यांच्या आचारधर्माचा भाग झाला. स्वामींचे नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा नित्य आठवायच्या, असा दंडक होता. येथे ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा नव्हे. स्वामींचे उठणे, बसणे, चालणे, बोलणे. भटोबास एकांतात असे मनन करीत बसत. सतत कसले मनन चालते, असे म्हाइंभटांनी त्यांना विचारले. सर्वज्ञांच्या लीळा आठवतो, असे उत्तर मिळाले. मग त्या लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढे येणाऱ्यांना त्यांचा आधार होईल, अशी कल्पना म्हाइंभटांनी मांडली. मराठीतील आद्य गद्यग्रंथाचा जन्म या संवादात आहे.

१२/
आठवण्याचा हा नित्यनेम मानसशास्त्राच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून तो स्वतःच्या मनातून आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या परीक्षेत आठवणारे पुढे गेले. मनातून ओढून काढण्याचा श्रमच आठवण पक्की करतो. भटोबासांचे मनन हे धार्मिक साधन होतेच. ते अजाणता स्मृतीचे शिक्षणही होते.

१३/
मात्र पक्की आठवण आणि खरी आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या ‘रिमेंबरिंग’ या ग्रंथात हे दाखवून दिले. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक अनोळखी लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने ती सांगायला लावली. कथा दर वेळी आखूड होत गेली. ओळखीच्या नसलेल्या गोष्टी गळाल्या. झाडाच्या खोडातून कोरलेल्या होड्यांच्या जागी साध्या नावा आल्या. भुताखेतांचा न समजणारा भाग तर्काला पटेल असा होऊन बसला.

१४/
बार्टलेट यांचा निष्कर्ष असा, की माणूस घटना साठवून ठेवत नाही. उरलेल्या खुणांवरून ती दर वेळी नव्याने उभी करतो. पडक्या वाड्याच्या जोत्यावरून वाडा बांधावा तसे हे काम आहे. जोते जुने, भिंती आजच्या. बांधणाऱ्याला मात्र सगळाच वाडा जुना वाटतो. ‘भाणे’ शब्दावरून भंडाऱ्याचा अर्थ लावणाऱ्या मनाचेही काम याच जातीचे आहे.

१५/
याला उत्तर म्हणून वेदपाठाचे उदाहरण दिले जाते आणि ते योग्यच आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनी एकच मंत्र उलटसुलट गुंफून म्हटला जातो. एक अक्षर चुकले की गुंफण अडते आणि चूक उघडी पडते. स्वर आणि छंद यांचाही आधार असतो. पण ही पद्धत अक्षर राखण्यासाठी आहे. तिच्यासाठी बालपणापासूनची वर्षानुवर्षांची तालीम लागते आणि तिचे दरवाजे बहुसंख्य समाजाला बंद होते.

१६/
ऋद्धपूरच्या मंडळींपुढे वेगळेच काम होते. त्यांना मंत्र नव्हे, तर घडलेले प्रसंग आठवायचे होते. प्रसंग गद्यात होते, बोलीत होते. त्यांना छंदाचा खिळा नव्हता. साक्षीदारही निरनिराळे होते : शास्त्र शिकलेले पंडित आणि कधी पाटीवर अक्षर न गिरवलेल्या स्त्रियाही. केशिराजबासांना संस्कृतात लिहू नका, त्याने माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, अशा आशयाचे भटोबासांनी सांगितल्याचे स्मृतिस्थळ नोंदवते. आठवणारे ज्या भाषेत आठवत होते, त्याच भाषेत ग्रंथ झाला.

१७/
ही गोष्ट वरवर पाहता भाषाभिमानाची वाटते. स्मृतीच्या दृष्टीने ती विश्वासार्हतेची आहे. बोललेले वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना आठवणीची आणखी एक पुनर्रचना घडते. मराठीत बोललेले मराठीतच उतरवल्याने ही एक पायरी टळली. प्रश्न विचारणाऱ्या महदाइसेसारख्या स्त्रियांचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे त्यांच्या बोलीतल्या वळणासह उरली, ती त्यामुळेच.

१८/
म्हाइंभट हे सराळे गावचे. विद्वान, वादविवादात निष्णात. स्वामींशी वाद घालायला आले आणि अनुयायी झाले. लीळा गोळा करताना त्यांनी स्वतःच्या आठवणीवर भिस्त ठेवली नाही. भटोबासांकडून ऐकले आणि ज्या ज्या व्यक्तीसमोर प्रसंग घडला, तिच्याकडे जाऊन विचारले. १२७८ च्या आसपास ऋद्धपुरी हे काम आकाराला आले. न्यायशास्त्र शिकलेला माणूस प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकीव यांतला भेद विसरणे शक्य नव्हते.

१९/
साक्षीदाराकडे जाऊन विचारणे हे सोपे वाटते. त्यात धोके दडलेले असतात. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी मोटारींच्या अपघाताचे चित्रपट लोकांना दाखवले. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता’ असे विचारले की वेग कमी सांगितला जाई. ‘एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा’ असे विचारले की जास्त. चित्रपट तोच होता. एका क्रियापदाने आठवण हलली.

२०/
दुसरा धोका सोबतीचा. २००३ मध्ये फियोना गॅबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघा-दोघांना एकाच घटनेची थोडी वेगळी चित्रफीत दाखवली व मग आपसात बोलू दिले. सुमारे ७१ टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेला, केवळ सोबत्याकडून ऐकलेला तपशील आपलाच म्हणून सांगितला. रात्रंदिवस एकत्र राहून एकाच विषयावर बोलणाऱ्या भक्तसमूहाला हा धोका किती मोठा असेल, हे सांगायला नको. एकत्र आठवल्याने आठवणी टिकतात आणि एकत्र आठवल्यानेच त्या एकसारख्या होत जातात.

२१/
या समूहाजवळ आणखी एक साधन होते : जागा. प्रत्येक लीळा कुठल्यातरी गावात, देवळात, नदीकाठी, झाडाखाली घडलेली असते. चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘स्थानपोथी’ तयार झाली. स्वामी कुठे बसले, कुठे निजले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, याच्या नोंदी तीत आहेत. अशा स्थानांवर ओटे बांधले गेले आणि आजही भाविक तेथे नमस्कार करतात. ओट्याशी टेकलेले कपाळ म्हणजे त्या जागेच्या प्रसंगाची उजळणी.

२२/
स्थळ आणि स्मृती यांचे नाते जगभर जाणवले आहे. प्राचीन ग्रीक वक्ते मनातल्या घराच्या दालनांत भाषणाचे मुद्दे ठेवीत आणि बोलताना त्या दालनांतून फिरत. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात ठरावीक जागीच जाग्या होणाऱ्या पेशी सापडल्या. या संशोधनासाठी त्यांना २०१४ चे नोबेल मिळाले. माणसातही नव्या प्रसंगांची आठवण घडवण्याचे काम याच भागाशी बांधलेले आहे. ‘कुठे’ आणि ‘काय घडले’ हे मेंदूतही शेजारी राहतात.

२३/
१९७५ मध्ये डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर पाठ करायला दिले. पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवले, काठावरचे काठावर. जुन्या गावी गेले की विसरलेली माणसे आठवू लागतात, हा प्रत्येकाचा अनुभव याच नियमाचे रूप आहे. महानुभावांनी स्थानांची यात्रा धर्माचा भाग केली, तेव्हा आठवणीला पुन्हा जागे करणाऱ्या जागाही त्यांनी सांभाळल्या.

२४/
मग अरिष्ट आले. देवगिरीच्या यादवांवर दिल्लीच्या सुलतानांच्या स्वाऱ्या झाल्या. पहिली १२९६ मध्ये. पुढच्या दोन दशकांत राज्यच बुडाले. पंथीय परंपरा सांगते, की या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. भटोबासही तोवर देहाने उरले नव्हते. ज्या भीतीने म्हाइंभटांनी लेखणी उचलली होती, ती भीती लिहूनही खरी ठरली. माणसे उरली होती आणि त्यांच्याजवळ उरल्या होत्या आठवणी.

२५/
लीळाचरित्र पुन्हा उभे राहिले ते या आठवणींतून. हिराइसा ही त्यांतली विलक्षण स्त्री. एकदा ऐकलेले तिच्या ध्यानी राही, म्हणून तिला एकपाठी म्हणत. तिच्याशिवाय परशरामबास, रामेश्वरबास आदींच्या नावांशी जोडलेले पाठ आहेत. साहजिकच ते तंतोतंत जुळले नाहीत. कुठे गावाचे नाव वेगळे, कुठे माणूस वेगळा, कुठे उत्तरातले शब्द निराळे. आता पंथापुढे कसोटीचा क्षण होता : यांतला एक पाठ खरा ठरवून बाकीचे बुडवायचे काय?

२६/
महानुभावांनी तसे केले नाही. पोथ्यांत पाठभेद नोंदवले गेले; हे अमक्याच्या म्हणण्याप्रमाणे, ते तमक्याच्या. वेगळ्या आठवणीच्या परंपरेला त्यांनी शब्द वापरला तो ‘वासना’. दर्शनांत जो शब्द मनावरच्या ठशासाठी होता, तो येथे एका माणसाकडून आलेल्या पाठासाठी आला. एकीची वासना अशी, दुसऱ्याची वासना तशी. आठवण ही कोणाची तरी असते, तिला धनी असतो, हे या एका शब्दात मान्य केलेले आहे.

२७/
याचे मोल कळण्यासाठी अलीकडची एक घटना पाहावी. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी १०६ विद्यार्थ्यांकडून, ही बातमी त्यांना कुठे व कशी समजली, ते लिहून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी ४४ जणांना तेच विचारले. चौथा हिस्सा लोकांचे सगळेच तपशील चुकले होते. विशेष म्हणजे सांगताना त्यांची खात्री मात्र ढळली नव्हती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण परतली नाही.

२८/
आठवणीची स्पष्टता आणि तिच्याबद्दलची खात्री हे तिच्या खरेपणाचे प्रमाण नाही. २००० मध्ये करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत याच्या मुळाशी असलेली एक शक्यता दाखवली. जुनी, पक्की झालेली आठवण पुन्हा जागी केली की ती काही काळ नरम पडते आणि तिला पुन्हा पक्के व्हावे लागते. त्या अवधीत तिच्यात बदल शिरू शकतो. म्हणजे आठवण ज्या क्षणी आपण हाती घेतो, त्याच क्षणी ती हाताळली जात असते.

२९/
मग सारेच खोटे काय? याचेही उत्तर नायसर यांच्याच दुसऱ्या अभ्यासात आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे वकील जॉन डीन यांनी १९७३ मध्ये वॉटरगेट चौकशीत बैठकांचे बारीक वर्णन केले होते. पुढे त्या बैठकांच्या ध्वनिफिती उजेडात आल्या. १९८१ मध्ये नायसर यांनी दोन्ही ताडून पाहिले. डीन यांनी सांगितलेली वाक्ये बहुधा तशी बोलली गेलीच नव्हती. तरी कोणाला काय ठाऊक होते आणि कोण काय लपवीत होते, हा गाभा खरा होता. अनेक प्रसंगांतून समान असलेले सत्य एका प्रसंगाच्या रूपात त्यांना आठवले होते.

३०/
लीळाचरित्र वाचताना ही दृष्टी उपयोगी पडते. एखाद्या लीळेतले एखादे वाक्य स्वामींनी नेमके त्याच शब्दांत, त्याच गावी उच्चारले की नाही, याविषयी पाठ आपसात वाद घालतील. पण अनेक मुखांतून, अनेक वासनांतून तेच स्वभावदर्शन पुन्हा पुन्हा उमटते : अहिंसेचा आग्रह, स्त्रीशूद्रांना दिलेली समान वागणूक, प्रश्न करणाऱ्याला मिळणारे दृष्टांतरूप उत्तर. पाठ जिथे भांडतात तिथे तपशील संशयित. जिथे भांडणाऱ्यांचेही एकमत होते तिथे पाया घट्ट.

३१/
आणखी एक भेद महानुभावांना उमगलेला दिसतो. १९७२ मध्ये एन्डेल टल्विंग यांनी स्मृतीचे दोन प्रकार सांगितले : घडलेल्या प्रसंगाची स्मृती आणि ज्ञानाची स्मृती. वैनगंगा भंडाऱ्याजवळून वाहते हे ठाऊक असणे वेगळे आणि तिच्यात पहिल्यांदा पाय बुडवल्याचा दिवस आठवणे वेगळे. काळ गेला की प्रसंग गळतो आणि ज्ञान उरते. कुठे शिकलो ते विसरतो, काय शिकलो ते राहते.

३२/
केशिराजबासांनी लीळांमधील स्वामींची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. प्रसंग बाजूला, तत्त्व हाती. पण तेवढ्यावर पंथ थांबला नाही. सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून आले, हे सांगणारा ‘प्रकरणवश’ नावाचा ग्रंथही तयार झाला. तुटलेले वचन पुन्हा त्याच्या वेळेशी, जागेशी, माणसाशी बांधण्याचा हा यत्न आहे. वचनाचा अर्थ प्रसंगाविना अर्धा राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

३३/
पुढची काही शतके हे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली. नंतर हरि नारायण नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या पोथ्या ताडून आवृत्त्या सिद्ध केल्या. पाठभेद नोंदवणे हा आधुनिक संपादनशास्त्राचा पहिला नियम. या संपादकांना तो पोथ्यांतच पाळलेला आढळला.

३४/
आता भंडाऱ्याकडे परत येऊ. नीळभटांबद्दल काय खात्रीने म्हणता येईल? भेटीच्या दिवशीचा नेमका संवाद, ती वेळ, तो चेहरा यांवर कोणी पैज लावू नये. पण ‘भांडारेकार’ हे नाव मात्र वेगळ्या प्रतीचे आहे. स्मृती अनोळखी गोष्टी गाळते आणि ओळखीच्या आणते. मराठवाड्यात, गोदातीरी वावरलेल्या भक्तांना दूर पूर्वेचे भंडारा ओळखीचे असण्याचे कारण नव्हते. तरी ते नाव गळले नाही, जवळच्या एखाद्या गावाने त्याची जागा घेतली नाही. हे चिवट टिकणे हीच त्याची मोठी साक्ष आहे.

३५/
वाळूवरच्या पावलांवरून चालणाऱ्याचा चेहरा सांगता येत नाही, दिशा सांगता येते. नीळभटांची दिशा आपल्याला ठाऊक आहे : भंडाऱ्यातील एका घरातून ते एका परक्या पांथस्थामागे निघाले आणि परतले नाहीत. ज्यांनी ही गोष्ट सांगितली, ते विसरभोळ्या मनाचेच होते, तुमच्याआमच्यासारखे. आपण विसरतो हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी रोज आठवले, एकमेकांना विचारले, जागा जपल्या आणि जिथे जुळले नाही तिथे कोणाची वासना कोणती, ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

३६/
घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेताना हीच रीत आजही उपयोगाची आहे. लवकर विचारावे, ज्याने पाहिले त्यालाच विचारावे, उत्तर प्रश्नातच पेरू नये, शक्य तर त्या जागी घेऊन जावे, आजीचे आणि मोठ्या काकांचे म्हणणे जुळले नाही, तर दोन्ही लिहावे, नावानिशी. भंडाऱ्याच्या नीळभटांची आठवण साडेसात शतके याच रीतीने चालत आली आहे.